मोठ्या आईची चानकी

माझी मुलगी चार वर्षांची होती तेव्हा मी माझ्या जावेवर जेवढी जळले, तेवढी आयुष्यात कुणावर जळले नाही. शाळेत दरवर्षी पहिला नंबर पटकावणाऱ्या मैत्रिणीवर नाही, की ऑफिसात माझ्यानंतर लागून माझ्याआधी बढती घेणाऱ्या बाईंवरही नाही. त्या जळण्याला निदान काही पत होती. हे जळणं भाकरीवरून होतं, आणि भाकरी तरी केवढी, तर तळहाताएवढी.

आमचं घर कोल्हापुरात, रंकाळ्याच्या मागच्या बाजूला. खाली थोरले दीर आणि जाऊबाई, वर आम्ही तिघं. जाऊबाई राधानगरीकडच्या, माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांची दोन्ही मुलं पुण्याला शिकायला. मी त्यांना आक्का म्हणते आणि माझी मुलगी त्यांना मोठी आई म्हणते. आमच्यात चुलतीला तसंच म्हणायची पद्धत आहे, त्यामुळे लग्न होऊन आले तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. पोर झाल्यावर मात्र तो शब्द कानाला टोचायला लागला. एका घरात एक आई आणि एक मोठी आई असली, तर माप कुणाचं कमी पडणार हे सांगायला नको.

मी एका कॉलेजच्या ऑफिसात काम करते. सकाळी स्वैपाक उरकला की एका वाटीत आमटी आणि दुसऱ्या वाटीत भाजी घालून खाली द्यायची आणि स्कूटीला किक मारायची, हा माझा रोजचा क्रम. दिरांना माझ्या हातची आमटी आवडते. आक्काही वाटी रिकामी कधी परत पाठवत नाहीत. कधी ताक, कधी ठेचा, त्यांच्या माहेराहून चीक आला तर खरवस. वाटी भरलेली जाते आणि भरलेली येते, हे आमच्या दोघींमधलं न बोललेलं बोलणं होतं. मुलगी बालवाडीतून साडेबाराला यायची ती थेट खाली, आणि मी साडेपाचला येऊन तिला वर घेऊन जायचे.

आता माझ्या वाढण्याबद्दल सांगते, कारण खरी गोम तिथेच होती. मी कागलची. माझ्या माहेरी ताट वाढायचं म्हणजे ताटाचा तळ दिसता कामा नये. पाहुणा ‘पुरे’ म्हणाला की त्याला आणखी एक भाकरी हवी आहे असं समजायचं. वडील पंगतीवरून फिरताना कुणाच्या पानात मोकळी जागा दिसली की आईकडे असे बघायचे, जणू तिने भर चौकात त्यांची अब्रू काढली. हे सगळं माझ्या हातात मुरलेलं. मुलीच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी तिच्यासाठी स्टीलचं ताट घेतलं, तिचं नाव घालून घेतलं, आणि मोठी झाल्यावरही पुरावं म्हणून चांगलं थोराड घेतलं. त्यात रोज रात्री मी एक अख्खी ज्वारीची भाकरी, भाताचा ढीग, त्यावर आमटी, भाजी, कोशिंबीर आणि कडेला दह्याची वाटी मांडायचे. किती प्रेमाने मांडायचे ते माझं मला माहीत.

ती त्या ताटाकडे बघायची आणि तोंडाला कुलूप लावायची. मग आमची वरात निघायची. चिऊचा घास झाला, काऊचा झाला, समोरच्या बिल्डिंगमधल्या कुत्र्याचा झाला. मोबाइल लावला की तोंड उघडायची, पण घास गालात तसाच. तासभर झाला की माझा आवाज चढायचा, मग तिचा चढायचा, आणि शेवटी उरलेलं ताट मी रागारागाने स्वतः संपवायचे. वजन माझं वाढत होतं. तिचं दोन महिने काट्यावर एकाच जागी थांबलेलं. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की एक महिना बघू, नाहीतर तपासण्या करायला लागतील. तपासण्या म्हणजे सुई, एवढं तिलाही कळलं आणि मलाही.

अशातच एके दिवशी संस्थेतलं कुणीतरी वारलं म्हणून ऑफिस दुपारीच सुटलं. मी एकच्या सुमारास घरी आले. जिन्याशेजारी आक्कांच्या स्वैपाकघराची खिडकी आहे. सहज आत नजर गेली.

माझी मुलगी पाटावर बसली होती. पुढ्यात चहाची बशी. बशीत एक चानकी. परातीत शेवटी जे थोडं पीठ उरतं त्याची चिमुकली भाकरी थापतात, तिला आमच्याकडे चानकी म्हणतात. शेजारी दोन चमचे मेथीची भाजी. बस्स. आणि ती खात होती. स्वतःच्या हाताने, भाकरीचा तुकडा मोडून, मेथी उचलून, तोंडात घालून, चावून. आक्का तिच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत होत्या आणि फोनवर बहिणीशी बोलत होत्या. बशी रिकामी झाल्यावर पोरीने ती दोन्ही हातांनी वर उचलून दाखवली. आक्कांनी मान वळवली, फोन तसाच कानाला ठेवून तव्यावरची दुसरी चानकी बशीत टाकली, आणखी एक चमचा मेथी घातली आणि पुन्हा पाठ फिरवली. पोरगी दुसऱ्यांदा खायला लागली.

वास्तविक मला आनंद व्हायला हवा होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वर माझ्या घरात मेथीचं पान दिसलं तरी थुंकणारी ही मुलगी, आणि इथे दुसऱ्यांदा मागून खाते. तेही कुणाकडून, तर तिच्याकडे धड बघतही नाही अशा बाईकडून. आणि काय खाते, तर उरल्यासुरल्या पिठाची भाकरी. मी पोरीला भरलं ताट देते आणि हिने उष्ट्या कपाच्या बशीत वाढावं? मी पाय न वाजवता जिना चढले आणि पलंगावर बसून रडले. खाली जाऊन ‘काय मस्त जेवतेय की’ म्हणाले असते, तर पुढचं सगळं टळलं असतं.

त्या रात्री मी मुद्दाम सकाळचीच मेथी गरम करून ताटात वाढली. तिने ताट ढकललं. दुपारी मोठ्या आईकडे खाल्लीस ना, म्हटलं तर म्हणाली, “ती छोटी मेथी होती.”

मी तिच्या बोलण्याचा माझ्या परीने अर्थ लावला. आक्का कोवळी, बारीक पानांची मेथी आणत असणार. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना कपिलतीर्थ मंडईत अर्धा तास घालवून मी सगळ्यात कोवळी जुडी शोधली. भाजीवाली म्हणाली, बाई, मेथी हाय ही, सोनं न्हवं. मी ती जुडी एखाद्या सुनेसारखी मिरवत घरी आणली, परतली आणि ताटात ढीग घातला. पोरीने नाक मुरडलं.

मग मी सजावटीच्या मागे लागले. मोबाइलवर बघून गाजराच्या चांदण्या कापल्या. बीट घालून गुलाबी इडल्या केल्या आणि त्यांना मिऱ्याचे डोळे लावले. भाताचं अस्वल केलं, त्याला आमटीच्या तळ्यात बसवलं. त्याचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला, खरं सांगायचं तर एकाच माणसाने बघावा म्हणून. आक्कांनी अंगठा पाठवला. पोरगी अस्वल बघून टाळ्या वाजवायला लागली, तिने त्याच्याशी गप्पा मारल्या, त्याला झोपवलं. खायची वेळ आली तेव्हा म्हणाली की याला खायचं नाही, याला लागेल. अस्वल मी संपवलं. चांगलं अर्धा किलोचं तरी असेल.

आणि मग मी ते केलं. एका संध्याकाळी ताट पुढे आल्याबरोबर तिने पोट धरलं आणि दुखतंय म्हणाली. ताट चुकवण्याचा तिचा तो नेहमीचा डाव होता, पाच मिनिटांत ती गादीवर उड्या मारत होती. मला सगळं दिसत होतं. तरी दुसऱ्या दिवशी सकाळी वाट्या घेऊन खाली गेले तेव्हा आक्कांना सांगितलं की काल दुपारचं जेवून पोरीचं पोट दुखलं, रात्रभर झोपली नाही. आजपासून मी डबा देत जाते, तोच तिला द्या. सगळा डबा उघडून पुढ्यात ठेवा, म्हणजे खाईल आपोआप.

आक्का भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला. मला वाटलं आता भांडतील, मी भांडायच्या तयारीनेच गेले होते. पण त्या फक्त “बरं” म्हणाल्या आणि थापायला लागल्या. जिना चढताना मला जिंकल्यासारखं वाटत होतं. ते फार तर दुपारपर्यंत टिकलं.

डबा तीन पुडांचा होता. मी सांगितल्याप्रमाणे आक्का तो रोज तिच्यापुढे उघडून मांडायच्या. मी सांगितल्याप्रमाणे दुसरं काही द्यायच्या नाहीत. आणि साडेपाचला तो डबा माझ्या हातात परत यायचा, सकाळी होता तेवढाच जड. दुपारचं तेवढं एक जेवण व्हायचं, तेही गेलं. पोरगी किरकिरी झाली, बालवाडीत पेंगायला लागली. एकदा तिने आक्कांकडे चानकी मागितली, तर त्या म्हणाल्या की आईला विचार. तिने येऊन मला विचारलं. मी म्हटलं, आपल्याकडे मोठी भाकरी आहे ना, ती खा. हे सगळं मी डोळ्यांनी बघत होते आणि तरी माघार घेत नव्हते. हेव्याला भूक फार असते, पोरीच्या वाटणीचंही तोच खात होता.

मनात काही नाही हे दाखवायला मी दोन वाट्या मात्र रोज खाली देत राहिले. पहिल्याच संध्याकाळी त्या परत आल्या. घासलेल्या, पुसलेल्या आणि रिकाम्या. आत ताक नाही, ठेचा नाही, चिमूटभर साखरसुद्धा नाही. ज्याला आमची पद्धत माहीत नाही त्याला यात काय ते कळणार नाही. आक्का माझ्याशी पूर्वीसारख्याच बोलत होत्या, हसत होत्या, गॅसवाला आला तर सिलिंडर उतरवून घेत होत्या. फक्त वाट्या रिकाम्या येत होत्या. बारा दिवस.

महिना भरला तेव्हा डॉक्टरबाईंनी वजन केलं. काटा खाली आला होता. मी रडकुंडीला येऊन सांगायला लागले की बघा, मी किती करते. मोबाइल काढून डब्याचा फोटो दाखवला. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, “हा तुमचा डबा की तिचा?”

तिचा, म्हटलं. त्यांनी पोरीला जवळ घेतलं, तिची मूठ उघडून बंद केली आणि म्हणाल्या की पोट साधारण एवढं, आणि डबा एवढा. मोठ्या माणसाला परातभर भात वाढून समोर बसलं तर तोही उठून जाईल. मग विचारलं की गेल्या महिन्यात निदान वजन थांबून तरी होतं, तेव्हा ही काय खायची? मी म्हटलं, दुपारी जावेकडे जेवायची. रोज काय जेवायची ते मला माहीत नाही. “मग विचारा त्यांना,” त्या म्हणाल्या. “आठ दिवस तेच द्या. मग बघू सुईचं.”

येताना पोरगी स्कूटीवर पुढे उभी होती. मी रंकाळ्याच्या कडेने मुद्दाम हळू चालवत आले. तिच्यासाठी जीव तुटत होता, आणि त्यातही एक विचार येऊन गेला की आता आक्कांच्या दारात उभं राहून विचारावं लागणार. आपण किती हलक्या आहोत हे माणसाला अशा वेळी कळतं.

आक्का खरकटं आवरत होत्या. मी उभ्या उभ्याच विचारलं की तुम्ही तिला दुपारी काय काय घालत होता ते सांगा, मला लिहून घ्यायचं आहे. त्यांनी हात धुतले, पदराला पुसले.

“मी कुठं काय घालतो? तुझंच असायचं की ते,” त्या म्हणाल्या. “वाटीतनं खाली येत हुतं तेच. तुझी आमटी, तुझी भाजी. चानकी तेवढी माझी.”

मला आधी कळलंच नाही. मग मेथी आठवली. त्या दिवशी सकाळी मेथी मी केली होती. मीच वाटीत घालून खाली दिली होती. बशीत दोन चमचे पडल्यावर मला माझी स्वतःची भाजी ओळखू आली नव्हती. छोटी मेथी. पोरीने सांगितलं होतं की सरळ, आणि मी मंडईत कोवळी पानं हुडकत फिरले.

“मला आमचं कालवण घालाय येत न्हवतं व्हय?” आक्का म्हणाल्या. “पर पोरीला आईच्या हातची चव ऱ्हावी म्हणून तुझंच घालत हुतो. उद्या माझ्याच हातची सवय लागली तर तुला वाईट वाटंल, असं वाटलं मला. आणि तू म्हणालीस, खालचं जेवून पोट दुखलं.”

एवढंच म्हणाल्या. पुढचं मी माझं समजून घेतलं. ज्या जेवणाला मी नावं ठेवली ते माझंच होतं. खोटं बोलले होते ते पोरीच्या पोटाबद्दल आणि निंदा केली होती माझ्याच आमटीची. आक्का त्याच दिवशी हे तोंडावर सांगू शकल्या असत्या. त्या मूग गिळून बसल्या, कारण सांगितलं असतं तर मला खाली मान घालावी लागली असती. मला लाज वाटली, खूप वाटली. पण खरं लिहायचं तर त्या लाजेच्या खाली मला पुन्हा हेवाच वाटला. आजवर त्यांच्या भाकरीचा वाटत होता, आता त्यांच्या मोठ्या मनाचा वाटायला लागला.

मी माफी मागितली. नीट जमली नाही, मधेच डॉक्टरबाईंचं सांगत बसले. त्यांनी सुईचं ऐकलं मात्र, लगेच परात ओढली आणि म्हणाल्या, बस इथं, हात धू.

चानकी थापायला सोपी वाटते. माझा हात मोठ्या भाकरीचा, गोळा लहान घेतला तरी थापता थापता पातळ होऊन पसरायचा. चार चानक्या फाटल्या. आक्का म्हणाल्या की पोराला अर्धी भाकरी दिली तर ती अर्धीच असती, चानकी अख्खी असती, त्याला ती आपली वाटती. वाढताना काय करायचं, हेही मी विचारलं. त्यावर त्यांच्याकडे एकच उत्तर होतं. “वाढायचं आणि इसरायचं. तू वाढतीस आणि टक लावून बसतीस. कोण खाईल असं?”

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाव घातलेलं ताट मी माळ्यावर टाकलं. बशी काढली, तीत एक चानकी आणि दोन चमचे दोडक्याची भाजी. बशीत एवढी मोकळी जागा बघून माझेच हात शिवशिवत होते. वडील असते तर काय म्हणाले असते ते कानात ऐकू येत होतं. मी बशी पोरीपुढे ठेवली, ओट्याकडे तोंड केलं आणि भांडी विसळायला लागले, जी आधीच विसळलेली होती.

लेकरू जेवताना बघणं यापेक्षा मोठं सुख मला त्या दिवसांत नव्हतं, आणि तेच मला सोडायचं होतं. मी नळ बारीक केला. मागे ज्वारीची भाकरी मोडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. मग चावल्याचा. मी तेच पातेलं तिसऱ्यांदा विसळलं. बऱ्याच वेळाने बशी फरशीवर आपटल्याचा आवाज झाला.

“संपलं,” ती म्हणाली. “अजून दे. मोठ्या आईसारखी झालीय.”

मी अजून एक दिली. कढत आमटीचा घोट घेतल्यासारखं झालं, चटका बसला आणि बरंही वाटलं. तिसरी चानकी तव्यावर होती, ती तिने मोठ्या आईला द्यायची म्हणून मागून घेतली. मी ती वाटीत ठेवली, वर चमचाभर दोडका घातला आणि पोरगी दोन्ही हातांनी वाटी धरून जिना उतरली. मी कठड्याशी उभी राहून ऐकत होते. ती दारातच मोठ्याने सांगत होती की आज आईने चानकी केली, मी दोन खाल्ल्या, आईने बघितलंच नाही.

थोड्या वेळाने ती वर आली. वाटी दोन्ही हातांत तशीच धरलेली. आत खरवसाची वडी होती. इतकी वर्षं आक्का खरवस डबा भरून पाठवायच्या, मला फार आवडतो म्हणून. आज वाटीच्या तळाशी एकच वडी, बोटाच्या दोन पेरांएवढी, वर वेलदोडा.

“मोठी आई म्हणाली, थोडंच दिलंय,” पोरगी एका दमात म्हणाली. “म्हणाली, आईला सांग, संपलं की माग.”

मी ती वडी ओट्यापाशी उभ्यानेच खाल्ली. तोपर्यंत पोरगी माझ्याकडे पाठ करून बाहुलीशी खेळत होती. मग मी वाटी धुतली. तीत काहीतरी घालायला म्हणून हात सवयीने साखरेच्या डब्याकडे गेला, तो मी मागे घेतला. रिकामी वाटी घेऊन कुणाच्या दारात मी आयुष्यात कधी गेले नव्हते. तशीच जिना उतरले, आक्कांच्या दारात उभी राहिले आणि म्हणाले, “आक्का, अजून द्या.”